मूर्तीवाल्याची बिनचेहऱ्याची माणसे

कलावंत कधी मरत नाही, तो आपल्या कलाकृतींतून आपल्यात वावरत राहतो. पालीच्या शोकसभेत अध्यक्षांनी हे वाक्य उच्चारले आणि परिणाम व्हावा म्हणून थोडे थांबले. सभेला जमलेल्यांत निम्मे आंबा बागायतदार होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बागेत त्या क्षणीही त्या कलावंताची एकेक कलाकृती उभी होती, आणि ती वावरते की काय ही शंका त्यांना अध्यक्षांच्या कितीतरी आधीपासून होती. कोणी मान डोलावली नाही. माझ्या शेजारी बसलेली काकी हळूच म्हणाली, "ह्याला कोणीतरी सांगा रे, असं अभद्र बोलू नको म्हणून."

टेबलावर फोटो होता, पण तो पाठमोरा. मूर्तीवाल्याचा समोरून काढलेला फोटो कोणाकडेच निघाला नाही. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये तो कातळावर उकिडवा बसलेला, मागून दिसत होता. तोच मोठा करून चौकटीत घातला होता. अध्यक्षांनी त्या पाठीला हार घातला आणि पाठीपुढे दोन मिनिटे सगळे उभे राहिले.

तो बंगालातला. रत्नागिरीच्या बाजारात सोन्याचे काम करणारी बंगाली पोरे आहेत. त्यांनी एका वर्षी आपल्या देवीची मूर्ती घडवायला त्याला गावाकडून आणले. देवी झाली, विसर्जन झाले, पोरे पुन्हा दुकानांत जाऊन बसली, आणि हा परतीच्या गाडीत चढलाच नाही. कारण विचारले तर म्हणाला, "गाडीला छप्पर आहे." मग येताना ते छप्पर कसे सोसलेस, असे मी विचारले. त्यावर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "डोळे बंद."

छपराशी त्याचे खरोखरच वाकडे होते. पालीच्या वरच्या सड्यावर, जिथे मैलभर काळा कातळ आणि मधूनमधून करवंदीची जाळी याशिवाय काही नाही, तिथे त्याने चार बांबूंवर नारळाची विरळ झापे टाकून घर केले होते. भिंती नव्हत्या. पावसाळ्यात निम्मा पाऊस त्याच्या अंगावर पडे आणि उरलेला बाजूने येई. थंडीत तो उघड्या कातळावर निजे, कारण दिवसभर तापलेला कातळ उशिरापर्यंत ऊब धरतो. हे ऐकून आमच्या ओळखीतली काही शहाणी माणसे त्याला निसर्गाचा उपासक म्हणू लागली. उपासक असेल, पण निसर्गाबद्दल त्याला माहिती काहीच नव्हती. भारद्वाज असो, खंड्या असो, सगळ्यांना तो पाखी म्हणे. पावसाचे त्याचे अंदाज इतके ठाम आणि इतके नेमके चुकत, की त्याने उद्या पाऊस म्हटले की माझे काका आंब्याच्या साठांची ताटे बिनघोर उन्हात टाकत.

त्याला बाहेर राहायला का आवडे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तो सुट्टीच्या दिवशी पालीहून चालत भाट्याला जाई. तिथे सुरूच्या झाडांखाली समुद्राकडे पाठ करून उभा राही, आणि समुद्र बघायला आलेल्या लोकांना बघे. परत आल्यावर मी विचारी, "काय म्हणतो समुद्र?"

"खूप लोक होता. दोन चांगला."

चांगला म्हणजे ज्याचे उभे राहणे त्याच्या मनात भरले असा. घरात माणूस बसतो, बाहेर माणूस दिसतो, असे त्याचे म्हणणे. चेहऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. "चेहरा झूठ बोलते," तो म्हणे, "गुडघा नाही बोलत." मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे, विषय बंद होईपर्यंत. त्यामुळे अशा विधानांना उदाहरण मागायची मला खोड आहे. एकदा मागितले, तर तो माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला. बराच वेळ. मी विषय बदलला.

देवीनंतर तो पालीजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात लागला होता. आमच्याकडे नागपंचमीच्या आसपास घरोघरचे पाट कारखान्यात जातात आणि ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती घडतो. मूर्तीवाला पाट मांडीवर घेई, त्यावरून हात फिरवी आणि कामाला बसे. मूर्ती देखण्या होत. तक्रार आली ती चतुर्थीच्या संध्याकाळी. एका घरात आरतीला सगळे जमले, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी गणपतीकडे बघून डोक्यावरून पदर घेतला आणि त्या आत निघून गेल्या. त्यांचे यजमान जाऊन तीस-एक वर्षे झाली होती. गणपतीला सोंड होती, कान होते, मोदक होता, पण बघत होते ते आजोबा. दीड दिवस आजी पुढच्या खोलीत आल्या नाहीत. दुसऱ्या एका घरात तर मुलांनी रडून गोंधळ घातला, कारण गणपती त्यांच्या गणिताच्या मास्तरांसारखा रागावलेला होता, आणि ते मास्तर त्यांचेच सख्खे चुलते होते.

मी तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितले, की पाट घेऊन जातो तो त्या घरातला मुलगा किंवा नातू. त्याचे डोळे मूर्तीत उतरले असतील आणि नातू आजोबांसारखा दिसणे यात अलौकिक काही नाही. सगळ्यांना पटले. पुढच्या वर्षी त्या कारखान्यात एकही पाट आला नाही, आणि मूर्तीवाल्याला नमस्कार करून निरोप देण्यात आला.

माझ्या काकांची कलमांची बाग त्याच सड्याच्या उताराला आहे, आणि काकांचे सगळे आयुष्य वानरांशी भांडण्यात गेले. कोकणात आंबा पिकवायला अक्कल लागत नाही, राखायला लागते, असे ते म्हणत. त्यांच्या हातात कायम गलोल. नेम असा, की वानर काय, कावळासुद्धा काका दिसले की पलीकडच्या वाडीत जाई. पण काका रत्नागिरीला आले, आजारी पडले किंवा नुसते जेवायला बसले, की बागेत टोळी उतरलीच. मध्यंतरी कुठल्याशा योजनेतून वानरांना घाबरवणारे एक यंत्र आले. साहेबांनी फीत कापली, नारळ फोडला, यंत्राने वाघासारखी गर्जना केली. वानरे पळाली. चौथ्या दिवशी एक मादी त्या यंत्रावर बसून पिल्लाच्या उवा काढत होती आणि खालून वाघ ओरडत होता.

यंत्राची ही अवस्था मूर्तीवाला गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर, उकिडवा बसून बघत होता. तो काकांना म्हणाला, "बंदर आवाजला नाही घाबरत. तुम्हाला घाबरते. मी तुम्ही करते."

"बुजगावणं?"

"बुजगावणं नाही. मानुष."

त्याच्या कामाची पद्धत अशी. पंधरा दिवस तो काकांच्या मागून बागेत नुसता हिंडला. मोजमाप काही घेतले नाही. काका थांबले की हा थांबे, वाकले की वाके. काका वैतागून म्हणाले, "मेल्या, माझी सावली एक आहे, दुसरी नको." मग त्याने काकांचा अंगातला सदरा मागितला, न धुतलेला. बांबू, पेंढा, सुंभ आणि पोती घेऊन तो बागेच्या खालच्या टोकाला गेला. तिथे गडग्याच्या आत एक उंचवटा आहे आणि त्याच्या खाली पऱ्या, म्हणजे आमचा ओढा. वानरे पऱ्याच्या झाडीतूनच वर येतात. सबंध पुतळा झाल्यावर शेवटी त्याने गुडघे बांधले, आणि मागे वळून न बघता सड्यावर निघून गेला.

चेहरा नव्हता. डोक्याच्या जागी पोत्याची गाठ आणि तिच्यावर काकांची जुनी टोपी. मी घरापुढच्या खळ्यातून पाहिले आणि हाक मारली, "काका, चहा झालाय." माझ्या मागून, पडवीतून, काका म्हणाले, "अरे, मी इथे आहे." ते आणि मी बराच वेळ त्या दुसऱ्या काकांकडे बघत राहिलो. उजवा खांदा जरा वर, डावा गुडघा किंचित मोडलेला, गलोल ताणलेली. काका शेवटी म्हणाले, "मी इतका म्हातारा झालोय होय रे?"

त्या मोसमात वानर बागेत आले नाही. पऱ्याच्या पलीकडे उंडीच्या झाडांवर ती टोळी रांगेने बसे आणि दिवसभर पुतळ्याकडे बघे. ओरडत नसत, उड्या मारत नसत. नुसती बघत.

मग सगळ्यांनाच आपापला माणूस हवा झाला. दोन-तीन वर्षांत कोल्हापूरच्या रस्त्याने जाताना एस.टी.तून दोन्ही बाजूंना बागायतदार उभे दिसू लागले. त्यातले निम्मे त्या वेळी मुंबईत कामावर असत. पोस्टमन गडग्याबाहेरून हाका मारून मारून चिडे. निवडणुकीत एक उमेदवार जीपमधून उतरला आणि एकापाठोपाठ एक पुतळ्यांना हात जोडत गेला. त्यातला एक पुतळा विरोधी उमेदवाराच्या भावाचा होता. त्यानेही नमस्कार स्वीकारला नाही. हे सगळे आम्ही हसत हसत एकमेकांना सांगायचो, पण दुपारी. आणि दुपारीसुद्धा कोणी बागेतून एकटे जायचे झाले की पुतळ्याला वळसा घालून जाई. सड्यावरची भर दुपार तशीही चांगली नाही. सावली पायाखाली जाते, वारा पडतो, कातळ पांढरा दिसायला लागतो, आणि त्या पांढऱ्यात लांबवर कोणीतरी ओळखीचे उभे असते, ज्याला तोंड नाही.

काकांचा गडी तानू. त्याने तर साफ सांगितले, "काकी, मी त्या टोकाला नाय जायाचा. काका उबं हायत तितं."

"अरे, काका घरात झोपलेत."

"म्हनून तर."

काकी मात्र धीट. ती रोज सकाळी पुतळ्याजवळ जाऊन त्याची टोपी सारखी करी. एकदा मी गेलो असताना ती काकांना सहज म्हणाली, "काल तुम्ही पऱ्याकडे बघत होतात. आज घराकडे बघताय. मेला पाय दुखतो वाटतं." काका म्हणाले, "वारा गो तो." बांबू जमिनीत दीड हात पुरलेला होता. मी जाऊन हलवून पाहिला. जोर लावला तर फिरत होता, पण वाऱ्याने नव्हे. मूर्तीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "एक बाजू बघून माणूस कंटाळते." तो रोज पहाटे बागाबागांतून हिंडून पुतळे हलवतो, म्हणजे वानरांना सवय होत नाही, असा निष्कर्ष मी काढला. तो त्याने नाकारला नाही. मान्यही केला नाही.

त्याचा एकच नियम होता. तो जिवंत माणसाचाच पुतळा करी, आणि माणूस गेला की त्याच दिवशी येऊन पुतळा उतरवी. आधी गुडघे सोडी, मग बाकीचे. पालीच्या आसपास एखादा बागायतदार वारला की लोक खांदेकऱ्यांच्या आधी त्याला निरोप धाडत.

काका चैत्रात गेले. रत्नागिरीच्या दवाखान्यात, सकाळी, हृदय बंद पडून. आंबा झाडावर होता. त्या सकाळी पुतळा डाव्या गुडघ्यात खचला, असे तानू सांगतो. दोन पावसाळे खाल्लेला पेंढा कधीतरी खचणारच, असे मी सांगतो. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा मूर्तीवाला पुतळ्याशेजारी उकिडवा बसला होता आणि काकी त्याच्यासमोर उभी होती.

"बौदी, हा पण आता गेला पाहिजे," तो म्हणत होता. काकीला तो बौदी म्हणे, म्हणजे त्यांच्याकडची वहिनी.

"आंबा उतरेपर्यंत नाही जायचा."

"माणूस नाही. हा आता कोणासाठी उभा?"

"माझ्यासाठी," काकी म्हणाली. "गुडघा नीट कर त्याचा."

तिच्या म्हणण्याला कारण होते, आणि ते कारण तेव्हा पडवीत बसून फोनवर बोलत होते. माझा चुलत भाऊ सुधीर मुंबईला इंजिनियर आहे. मुलगा वाईट नाही. पण बाग विकायची आणि आईला बोरिवलीला न्यायचे, हे त्याने काका असतानाच ठरवले होते. गणपतीपुळ्याकडे हॉटेले चालवणारा कोणी गिऱ्हाईकही बघून ठेवले होते. बाग आईच्या एकटीच्याने होणार नाही, एवढे एकच त्याचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढणे कठीण होते. वानरे बाईमाणसाला भीत नाहीत. काकी काठी घेऊन धावली तर ती फांदीवर बसून बघत राहत. त्या वर्षीचा आंबा गेला असता तर काकीही गेली असती. त्या घरात ती लग्न होऊन आली होती, आणि मुंबईला दोन दिवसांवर कधी राहिली नव्हती.

मूर्तीवाल्याने गुडघा बांधला. मग उठता उठता तो म्हणाला, "बौदी, कावळा पण नाही येणार. कावळा बंदरपेक्षा जास्त ओळखते."

"हो?" काकी म्हणाली, आणि पुतळ्याकडे बघत राहिली. मी शेजारीच होतो. मला वाटले, तो आंब्याबद्दल बोलतोय.

दहावा पऱ्यावर झाला. आमच्या घराण्यात तो तिथेच, बागेच्या पायथ्याशी करतात. भटजी, सुधीर, आत्याचे यजमान, मी आणि वाडीतले दहा-बारा पुरुष. काकी वर गडग्याशी उभी होती. तिच्या मागे, हाताच्या अंतरावर, उंचवट्यावर काका. गलोल ताणून, आमच्याकडे तोंड करून.

कातळावर पिंड मांडले. कावळे होते. समोरच्या फणसावर चांगले पाच-सहा बसले होते. पण एकही खाली येईना. ऊन चढू लागले. भटजी म्हणाले, "जीव अडकलाय कशात तरी." आत्याचे यजमान म्हणाले, "तंबाखू ठेवा." तंबाखू ठेवली. कोणी सुपारी ठेवली. कोणी पत्त्यांचा जोड आणून ठेवला. कावळे माना वाकड्या करून बघत होते, पिंडाकडे नव्हे, आमच्या डोक्यांवरून पलीकडे.

सुधीर पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची काळजी करू नका. तिला मी बोरिवलीला नेतो. लिफ्ट आहे, सगळं आहे."

फणसावरचे कावळे उठले आणि आणखी लांबच्या उंडीवर जाऊन बसले.

वाडीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. भटजी घाईने म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या. शास्त्रात सोय आहे."

"दर्भाचा नको," वरून काकी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी खाली स्वच्छ ऐकू आला. "सुधीर, त्यांना बागेचं सांग."

"काय सांगू?"

"काय ते तुला ठाऊक."

सुधीरचा चेहरा उतरला. "आई, हे इथे सगळ्यांसमोर काय—"

"बोल रे बाबा," आत्याचे यजमान म्हणाले. "माणसं सकाळपासून उपाशी आहेत."

सुधीर खाली बघून पुटपुटला, "बाग विकणार नाही."

"मोठ्यानं," काकी म्हणाली. "त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

येतं, म्हणाली. येत होतं नव्हे. सुधीरने मान वर केली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पोरासारखा ओरडला, "बाग विकणार नाही. आई इथेच राहील." पऱ्याच्या पलीकडच्या कड्यावरून ते शब्द परत आले, थोड्या म्हाताऱ्या आवाजात: राहील.

सगळ्यांचे डोळे सुधीरवरून त्या कड्याकडे गेले. माझेही. मग कसा कोण जाणे, मी मागे वळून वर पाहिले. काकी होती तिथेच होती, हात पदरात गुंडाळलेले. आणि काका आमच्याकडे पाठ करून उभे होते. टोपी, खांदा, मोडलेला गुडघा, सगळे तेच, फक्त पाठमोरे, बागेतून वर घराकडे निघालेल्या माणसासारखे. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो तर्कशास्त्राला विचारून आलेला नव्हता. डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. कावळा पिंडावर उतरला होता, पाठोपाठ दुसरा, मग सगळेच. भटजींनी सुटकेचा श्वास सोडला. सुधीर डोळे पुसत होता. त्याने वर पाहिलेच नाही.

मी नंतर चौकशी केली. मूर्तीवाला म्हणाला, "मी भाट्याला होते," आणि ते खरे होते. बाजारातल्या पोरांनी त्याला तिथे पाहिले होते. तानू म्हणाला, "मी? त्येला हात लावू?" काकी म्हणाली, "मी काय, तुमच्यासमोर तर उभी होते." उरला वारा. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हते, पण मी ते वाऱ्याच्याच नावावर टाकले, कारण वारा हरकत घेत नाही.

आंबा उतरल्यावर मूर्तीवाल्याने पुतळा उतरवला. आधी गुडघे सोडले. बांबू मांडवाला लागले, आणि पेंढा त्याने गोठ्यात नेऊन टाकला. गाईने तो खाल्ला. काकी बघत उभी होती. म्हणाली, "तिच्यावर जीव होता त्यांचा."

पुढच्या मोसमात काकांच्या जागी काकी उभी राहिली. मूर्तीवाला म्हणाला होता, बंदर बाईला घाबरत नाही कारण बाई मारत नाही. तेव्हा काकीने आधी पावसाळाभर गलोल शिकून घेतली, तिच्या नेमाची कीर्ती पऱ्यापलीकडे पोचली, आणि मगच त्याने पंधरा दिवस तिच्या मागून हिंडून पुतळा बांधला. जुनी साडी, पदर खोचलेला, पोत्याची गाठ, हातात काकांची गलोल. काकी म्हणाली, "मी अशी उभी राहते?"

"राग आला की."

"मला कधी येतो राग?"

मूर्तीवाला आणि मी दोघेही दुसरीकडे बघू लागलो.

सुधीर आता दर मे महिन्यात येतो, पेट्या भरतो, वडिलांच्या फोटोपुढे उभा राहून बागेचा हिशेब सांगतो. डाव्या कानाच्या बाजूने जरा मोठ्याने.

मूर्तीवाला गेला तो गेल्या पौषात, सड्यावर, उघड्या कातळावर, उकिडवा बसल्या बसल्या, पाठीमागच्या खडकाला टेकून. सकाळपासून रस्त्याने लोक जात होते. एस.टी. गेल्या, शाळेची मुले गेली. सगळ्यांनी पाहिले. नवा दिसतो, बसलेला आहे, कोणाचा असेल, अशी चर्चाही झाली. दोघांना तो ओळखीचा वाटला, पण पुतळा ओळखीचा वाटणे ही आमच्याकडे बातमी राहिलेली नव्हती. भर दुपारी तानू गुरे घेऊन तिकडून आला आणि जागीच थबकला. मूर्तीवाल्याच्या दोन्ही बाजूंना वानरे बसली होती. एक पिल्लू त्याच्या बाहीशी खेळत होते.

"पुतला असता," तानू आम्हाला म्हणाला, "तर वांदर जवल आला नसता."

बाजारातल्या पोरांनी अग्नी दिला. शोकसभा नवव्या दिवशी झाली, आणि दहाव्या दिवशी काकीने त्याच्यासाठी पऱ्यावर पान ठेवायचे ठरवले. त्याला इकडे कोणी नव्हते, आणि छपराखाली ठेवलेले पान त्याला चालले नसते. पान घेऊन मी तिच्याबरोबर गेलो. भात, वरण, वडा, खीर.

गडग्याशी पोचल्यावर ती म्हणाली, "थांब जरा." उंचवट्यावर चढली, गलोल ताणून उभ्या असलेल्या स्वतःला तिने दोन्ही खांद्यांना धरले, आणि एका हिसक्यात घराकडे तोंड करून फिरवले. हाताला लागलेला पेंढा झटकला. हात पदरात गुंडाळले. हे सगळे व्हायला एक वाक्य ओरडायला लागतो तेवढा वेळ लागला.

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"बघतोस काय?" काकी म्हणाली. "पेंढाच तर असतो. हलका असतो."

मग आम्ही पान कातळावर ठेवले आणि बाजूला जाऊन थांबलो. कावळा आला नाही. वानर आले, वडा उचलला, आणि पऱ्यापलीकडे गेले.